लोखंडाला काय पाजावे?

शहागडला गोदावरी ओलांडून सोलापूर-धुळे महामार्ग जालना जिल्ह्यातून बीड जिल्ह्यात जातो. अलीकडे अंबड तालुका, पलीकडे गेवराई. या दोन्ही तीरांवरच्या माणसांचा दगडाशी धार्मिक व्यवहार आहे आणि तो दोन वेगळ्या द्रवांनी चालतो. सोमवारी महादेवाच्या पिंडीवर पाणी पडते, अभिषेकपात्राच्या तळातल्या बारीक छिद्रातून थेंबामागून थेंब. शनिवारी तीच माणसे शनीला तेल वाहतात. साडेतीन शनिपीठांत गणले जाणारे राक्षसभुवन पलीकडच्याच तीरावर, गेवराई तालुक्यात आहे, त्यामुळे तेलाची ही वाट इथल्या माणसांना दूरची नाही. पिंडीवर तेल ओतावे किंवा शनीला नुसते पाणी घालून परतावे, असे कोणाच्या मनात येत नाही. दगड दोन्ही काळेच; पण एकाला पाणी, दुसऱ्याला तेल, हे ठरलेले. याच घरांमध्ये एक तिसरा दगड असतो. मोरीच्या कट्ट्यावर किंवा ओट्याच्या कोपऱ्यात पडलेला, विळी-सुरीला धार लावायचा. त्याच्यावर काय घालायचे हे मात्र ठरलेले नाही. कोणी पाणी शिंपडते, कोणी खोबरेल, कोणी घासलेट, कोणी थुंकी लावून काम भागवते, कोणी कोरडाच घासते. आणि प्रत्येकाला वाटते की आपलेच बरोबर, किंवा मग कशानेही सारखेच होते. या दोन उत्तरांमध्ये धर्मविचारातला एक फार जुना प्रश्न दडलेला आहे: शुद्ध व्हायचे ते आणि शुद्ध करणारे ते यांच्यामध्ये जे साधन आपण घालतो, ते कोणते घातले याने काही फरक पडतो का? माझे म्हणणे असे की पडतो. पण तो साधनाच्या थोरवीमुळे पडत नाही. साधनाने काय वाहून नेले आणि काम झाल्यावर ते स्वतः निघून गेले की नाही, यावर तो अवलंबून असतो.

आधी दगडाकडेच नीट पाहू. धार लावताना घातलेल्या द्रवाला आपण सहज वंगण म्हणतो आणि तिथेच पहिली चूक होते. वंगणाचे काम दोन पृष्ठभागांची झीज टाळणे. बैलगाडीच्या आसाला वंगण घालतात ते आस झिजू नये म्हणून. धार लावताना तर झीजच हवी असते. लोखंड झिजल्याशिवाय पाते पातळ होणार नाही आणि पातळ झाल्याशिवाय ते कापणार नाही. मग द्रव कशासाठी? बाजारात मिळणाऱ्या दुतोंडी काळसर दगडावर चार थेंब पाणी टाकून सुरीचे पाते आठ-दहा वेळा पुढेमागे फिरवले, तर ते पाणी आधी राखाडी आणि मग काजळासारखे काळे होते. त्या काळ्या गाळात लोखंडाचा कीस असतो आणि दगडाचे सुटलेले कण असतात. द्रव नसता तर हा कीस दगडाच्या बारीक भोकांमध्ये जाऊन बसला असता. दगडाचे कापणारे टोकदार कण त्याखाली बुजले असते आणि थोड्याच वेळात दगड आरशासारखा गुळगुळीत होऊन पाते त्यावरून नुसते घसरत राहिले असते. सुगरणीच्या हाताला हे लगेच कळते. घासण्याचा आवाज बदलतो, खरखर जाऊन सूं असा पोकळ आवाज येऊ लागतो. द्रव हा कीस उचलून तरंगत ठेवतो आणि बाजूला नेतो. कापायचे काम दगड करतो, झिजायचे काम लोखंड करते, आणि निघालेली घाण पुन्हा त्याच जागी बसू न देणे एवढेच द्रवाचे काम.

हे एकदा मान्य केले की निवडीला कसोटी मिळते. जो द्रव पातळ, तो कीस सहज हलवतो. जो दाट, तो पात्याला दगडापासून उचलून धरतो. हजार नंबरच्या दगडातले कण सुमारे पंधरा मायक्रॉनचे, म्हणजे साठ-सत्तर कण ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. इतक्या बारीक टोकांपर्यंत पाते पोहोचायचे असेल तर मध्ये जाड थर चालत नाही. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल पाण्यापेक्षा पन्नास पटींहून जास्त दाट असते, आणि एरंडेल तर शेकडो पटींनी. हाताच्या दाबाला एरंडेल बाजूला सरत नाही. पाते त्याच्यावर पोहत राहते आणि घासणाऱ्याला मात्र काम चालू असल्याचा भास होतो. करडईच्या तेलाचा दोष आणखी वेगळा आहे, आणि मराठवाड्यात करडई घरची म्हणून तो सांगितलाच पाहिजे. हे तेल हवेतल्या प्राणवायूने हळूहळू सुकते आणि त्याचा चिवट पापुद्रा होतो. ज्या गुणामुळे ते रंग-रोगणाच्या कामी येते, त्याच गुणामुळे ते दगड बुजवते. आठवडाभर तेल लावून ठेवलेल्या दगडावर नखाने ओरखडा काढला तर मेणचट पिवळा थर नखाखाली येतो. घासलेट पातळ असते, साचलेला थर सोडवते, पण त्याचा वास पात्याला राहतो आणि त्याच पात्याने काकडी चिरायची असते. पाणी पातळ, स्वच्छ, विनावासाचे. त्यात साबणाचा एखादा थेंब घातला तर ते दगडावर नीट पसरतेही. दोष इतकाच की पोलादी पाते ओले राहिले तर त्याला गंज चढतो. हा दोष एका कोरड्या फडक्याने जातो. हे सगळे हाताने लावायच्या धारेबद्दल झाले. फिरत्या चाकावर घर्षणाची उष्णता पात्याचे पाणी उतरवू शकते. तिथे गार ठेवणे हे द्रवाचे खरोखर मोठे काम असते. हाताच्या गतीला तेवढी ऊब येतच नाही.

पात्याचे पाणी उतरणे, हा शब्दप्रयोग आपण सहज करतो, पण त्याच्याशी क्षणभर थांबावे. मराठीत पोलादाला पाणी देतात, चांगल्या तलवारीला पाणीदार म्हणतात, आणि कोयत्याला, विळ्याला, वस्तऱ्याला धार लावण्याला म्हणतात पाजवणे. तहानलेल्याला पाणी पाजतात, लोखंडालाही पाजवतात. या शब्दांमागे मोठी परंपरा आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रक्रियेच्या हत्यारांवर जो आठवा अध्याय आहे, त्यात हत्यारांच्या ‘पायने’चे तीन प्रकार सांगितले आहेत: क्षारात, पाण्यात आणि तेलात. पायना म्हणजे शब्दशः पाजणे. तापलेले पाते त्या द्रवात बुडवायचे, म्हणजे ते तो पिते आणि त्याचा स्वभाव ठरतो. बाण, शल्य आणि हाड छेदायचे हत्यार क्षार पिते, मांस कापायचे पाणी पिते, शिरा वेधायचे आणि स्नायू छेदायचे तेल पिते. त्याच ठिकाणी धार लावायला उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा सांगितली आहे आणि धार राखायला सावरीच्या लाकडाची फळी. कसोटी कोणती? केस कापला गेला पाहिजे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की सुश्रुत तिन्ही द्रवांपैकी एकाला श्रेष्ठ ठरवत नाही, आणि तिन्ही सारखेच असेही म्हणत नाही. तो विचारतो, हे पाते कुठे जाणार आहे? हाडाजवळ, मांसात की शिरेत? त्यावरून तो ठरवतो त्याला काय पाजायचे. पाजण्याची विद्या दोन हजार वर्षांच्या आसपासची जुनी, आणि तिच्यात निवड पहिल्यापासून हेतूवर बसवलेली आहे.

इथे कोणी अडवील. सुरीबद्दल बोलताना तुम्ही हळूच माणसाच्या मनाबद्दल बोलू लागलात. दृष्टान्त हा काही पुरावा नाही. आक्षेप योग्य आहे आणि आपल्याकडच्या तर्कशास्त्राने तो फार आधी घेतलेला आहे. न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. उदाहरणाला त्यात जागा आहे, पण ते एकटे काही सिद्ध करीत नाही. त्याच्यामागे व्याप्ती लागते, म्हणजे ‘जिथे जिथे अमुक, तिथे तिथे तमुक’ असा अटळ संबंध दाखवावा लागतो. डोंगरावर धूर दिसतो म्हणून तिथे अग्नी आहे, या अनुमानात स्वयंपाकघरातल्या चुलीचे उदाहरण धूर आणि अग्नी यांच्या संबंधामुळे चालते, चूल आणि डोंगर सारखे दिसतात म्हणून चालत नाही. मग इथली व्याप्ती कोणती? अशी की जिथे जिथे शुद्धी ही काही नवे घालण्याने होत नसून आधीचे काढून टाकण्याने होते, तिथे तिथे निघालेल्याला वाहून नेणारे तिसरे काहीतरी लागते, आणि तेही शेवटी जावे लागते. धार ही लोखंडात बाहेरून घातली जात नाही. जे जाड आहे ते काढले की उरते ती धार. अद्वैत वेदान्ताचे म्हणणे आत्म्याबद्दल नेमके असेच आहे. ज्ञानाने ब्रह्म निर्माण होत नाही, आवरण जाते. शंकराचार्यांच्या नावे असलेल्या आत्मबोधात यासाठी निवळीच्या बियांचे उदाहरण आहे. गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचे बी आतून घासतात. त्याची पूड गाळाला धरून तळाशी जाते, पाणी निवळते आणि पूड त्यात तरंगत राहत नाही. ज्ञान अज्ञानाला नेते आणि स्वतःही निघून जाते. पुराच्या दिवसांत गोदेचे पाणी गढूळ येते, आणि नळ आले नव्हते तोवर ज्यांना तेच प्यावे लागे त्यांना हे उदाहरण समजावून सांगावे लागले नसते. सुरीचा दगड आणि निवळीचे बी यांत मला एकच व्याप्ती दिसते, म्हणून हा दृष्टान्त मी नुसता शोभेसाठी आणलेला नाही.

दुसरा आक्षेप जास्त कठीण आहे. काढूनच टाकायचे असेल तर मध्ये काही कशाला? दगड आणि लोखंड पुरेत. ऊसतोडीच्या फडावर हेच दिसते. या पट्ट्यात उसाचे कारखाने आहेत, बीड आणि जालना जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची जोडपी दर हंगामाला बाहेर पडतात, आणि नवरा-बायकोच्या त्या जोडीचे नावच ‘कोयता’ आहे. त्या माणसांनी पहाटे थंडीत कोयत्याला कानस मारलेली असते. कानस कोरडीच चालते, तिला ना पाणी लागते ना तेल, आणि तो कोयता दिवसभर ऊस तोडतो. साधनमार्गातही असा एक आवाज कायम असतो: आत्मा मुळात शुद्ध आहे, मग जप, पूजा, उपास, वारी हे मध्ये कशाला आणता? कानशीचे उत्तर कानशीतच आहे. तिचे दात मोठे असतात आणि प्रत्येक दोन दातांमध्ये खाच असते. निघालेला कीस त्या खाचेत मावतो आणि कानस झटकली की पडतो. म्हणजे वाहून नेण्याची सोय तिथेही आहे, फक्त ती हत्यारात घडवलेली आहे. शिवाय उसाला लागणारी धार खरबरीत चालते, किंबहुना तीच बरी पडते. तीच कानस वस्तऱ्यावर चालवली तर हनुवटी रक्ताळेल. काम जसजसे बारीक होत जाते, तसतसा कीस बारीक होतो, दगडाची भोकेही बारीक होतात, आणि मधला द्रव टाळता येत नाही. ज्याचे काम ढोबळ दोष तोडण्याचे आहे, जसे दारू सोडणे किंवा हात उगारणे थांबवणे, त्याला कदाचित कोरडा निश्चय पुरेल. आपण चांगले आहोत या समजुतीतला बारीक अहंकार कोरड्या निश्चयाने निघत नाही. तो निघतो आणि तिथेच बसतो.

याच जालना जिल्ह्यात, शेजारच्या घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. दासबोधाच्या सातव्या दशकातला सातवा समास साधनप्रतिष्ठेचा आहे, म्हणजे नेमक्या याच आक्षेपाचा. वस्तू निर्विकल्प आहे तर साधनाचा खटाटोप कशाला, या शंकेला समर्थ टाळत नाहीत. त्यांच्या उत्तराचा आशय असा की जो साधन मानत नाही तो सिद्धपणानेच बांधला जातो. हे वाक्य दगडापाशी उभे राहून ऐकावे. कोरडा दगड पहिल्या दहा फेऱ्यांत सर्वांत जलद कापतो, हे खरे आहे. मध्ये काहीच नसल्याने टोके सरळ लोखंडाला भिडतात. म्हणूनच कोरड्या धारेचे समर्थक जगभर आहेत आणि त्यांचा अनुभव खोटा नाही. त्यांच्यातले जे जाणते आहेत ते दगड वरचेवर धुतातही. पण न धुता अकराव्या फेरीला तोच दगड बुजू लागतो, आणि बुजलेला दगड गुळगुळीत असल्याने जास्त चांगला झाल्यासारखा दिसतो. सिद्धपणाचे बंधन यापेक्षा वेगळे काय असते? ज्याचे कापणे थांबले आहे, त्यालाच तकाकी आलेली असते.

आता शुचितेचा प्रश्न. काही लोक म्हणतील, हेतू आणि कार्य यांचे बोलणे पुरे. धर्मात द्रव्याला स्वतःचे पावित्र्य असते, गोदावरीचे पाणी ते गोदावरीचे पाणी आणि थुंकी ती थुंकी. हे म्हणणे हलके नाही. १८५७ मध्ये एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, या समजुतीने सैन्यात आग लागली. ती काडतुसे दातांनी फोडायची होती. चरबी तिथे वंगणच होती, आणि वंगण म्हणून तिचे काम ती करीतही असेल, पण जे तोंडात घालायचे ते कोणते हा प्रश्न त्या माणसांना कार्यक्षमतेपेक्षा मोठा वाटला आणि तो वाटण्याचा त्यांना अधिकार होता. म्हणून मीमांसकांचा विधी आणि निषेध हा भेद इथे उपयोगी पडतो. निषेध सांगतो काय नको. चरबी नको, उष्टे नको, पोटात जाऊन बाधेल असे काही नको. हे सगळे मान्य करावे, कारण ज्या सुरीने नैवेद्य चिरायचा आहे तिच्यावर घरातल्या सर्वांचा विश्वास बसला पाहिजे. पण निषेधाचे कुंपण घातल्यावर आत जे उरते, त्यातून काय निवडायचे हे निषेध सांगत नाही. तिथे विधी लागतो आणि विधीची नजर फळावर असते. निरनिराळ्या धर्मांनी धारेबद्दल जे सांगितले ते यामुळेच विचार करण्याजोगे आहे. सहीह मुस्लिममधल्या हदीसमध्ये जनावर कापणाऱ्याला आज्ञा आहे की पात्याला धार लाव आणि जनावराचे क्लेश कमी कर. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात धर्मविधीने कापायचे असेल तर ज्यू परंपरेप्रमाणे सुरी आधी बोटाच्या मांसावरून आणि नखावरून फिरवून पाहावी लागते. नखाला खाच लागली तर ती सुरी चालत नाही. सुश्रुताने केस सांगितला. केस, नख, जनावराचे दुःख, तिन्ही ठिकाणी परीक्षा धारेवर होते. दगडावर पाणी होते की तेल, हे तिथे कसोटीत धरलेले नाही.

पवित्र पाण्याबद्दलही आपल्याच नदीच्या काठी एक उत्तर आहे. शहागडच्या वरच्या अंगाला पैठण, आणि पैठणच्या एकनाथांची ती आख्यायिका: रामेश्वराला घालायला काशीहून आणलेली गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. ही गोष्ट भूतदयेचा धडा म्हणून इतकी सांगितली जाते की तिच्यातला साधनविचार झाकून जातो. नाथांनी गंगाजलाला सामान्य पाणी म्हटले नाही. ते पवित्र होते म्हणूनच कोणाला पाजावे हा प्रश्न उभा राहिला. पाण्याचे पावित्र्य त्यांनी तहानेपाशी नेऊन खर्च केले. साधन जपून ठेवण्यासाठी नसते, ते ज्याला हवे आहे त्याच्या घशाखाली उतरण्यासाठी असते. लोखंडाला पाजवणे आणि गाढवाला पाजणे यांत एकच क्रियापद दोन रूपांनी वावरते, हा मला भाषेचा योगायोग वाटत नाही.

मग उरतो सगळ्यांत लोकप्रिय विचार, की मार्ग सगळे सारखेच. तो उदार आहे, त्याच्यामुळे भांडणे कमी होतात, आणि तरीही तो दगडावर टिकत नाही. सच्छिद्र, भुसभुशीत दगड पाण्यात भिजवून वापरायचे असतात. जपानचे दगड तसे, त्यांच्यावर तेल घातले की ते कामातून जातात. अमेरिकेतल्या आर्कान्सासचे कठीण, गच्च दगड पिढ्यान्‌पिढ्या पातळ तेलावर चालत आले. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला काळसर दगड बहुधा कार्बोरंडमचा असतो. हा पदार्थ अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसनने १८९१ मध्ये तयार केला, आणि त्याच्या नावातले ‘कोरंडम’ आपल्या कुरुंदाचेच परदेशी रूप आहे. तो दगड पाण्यावरही चालतो आणि पातळ तेलावरही चालतो, पण दोन्हींवर आलटून पालटून चालत नाही. त्यात एकदा तेल मुरले की पाणी वर मोत्यांसारखे गोळा होते, आत शिरत नाही, आणि कीस उचलत नाही. शास्त्रकारांनी ज्याला अधिकारभेद म्हटले तो मला इथे उघड दिसतो. अधिकारभेद या शब्दाने आपल्या समाजात फार अन्याय झाला आहे, हे विसरून चालणार नाही. जन्मावरून दगड ओळखण्याचा दावा केला गेला, आणि तो दावा खोटा होता. दगड ओळखायचा असतो तो हातात घेऊन, पाणी टाकून, ते किती वेळात जिरते ते पाहून. सेना न्हावी यांनी आपल्याच धोकटीतून परमार्थाचे रूपक रचले, विवेकाचा आरसा केला, वैराग्याचा चिमटा केला, आणि डोके भिजवायच्या पाण्याला शांती म्हटले. ज्यांना शास्त्राने अधिकार नाकारला होता, त्यांच्यातल्या एकाने शुद्धीच्या कामातले मधले द्रव्य इतके अचूक ओळखले. कोरड्या डोक्यावर वस्तरा चालत नाही. आधी भिजवावे लागते.

साधन बदलूच नये असे यातून निघत नाही. तेल मुरलेला दगड घासलेटमध्ये कित्येक दिवस बुडवून, साबणाने खरवडून, पुन्हा पाण्यावर आणता येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि त्या काळात तो दगड ना तेलाचा असतो ना पाण्याचा. श्रद्धा बदललेल्या माणसाला लोक घाईने विचारतात, आता तुझे बरे चालले आहे ना? त्याच्या दगडातून अजून जुने तेल वर येत असते. त्याला घाई करणे क्रूरपणाचे आहे.

शेवटी ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा विचार मांडावासा वाटला: काम झाल्यावर साधनाचे काय होते? नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर शेंदराचे लेप शतकानुशतके चढत गेले होते. २०२२ मध्ये मंदिर काही आठवडे बंद ठेवून मूर्तीचे संवर्धन झाले, तेव्हा हजार किलोंहून अधिक शेंदूर उतरवण्यात आला आणि आतले कोरीव रूप दिसले. गावोगावच्या मारुतीचे तेच आहे. तेल-शेंदूर दर शनिवारी चढतो, कवच होते, नाक-डोळे गोल होत जातात आणि एक दिवस खपली निघते तेव्हा आतला मारुती निराळाच असतो. एकाही लेपात दोष नव्हता. प्रत्येक लेप कोणाच्या तरी नवसाचा, कोणाच्या तरी भीतीचा, कृतज्ञतेचा होता. तरीही सगळे मिळून त्यांनी तेच झाकले ज्याच्यासाठी ते लावले गेले. करडईच्या तेलाने दगड बुजतो तो याच रीतीने, चांगल्या हेतूने, थोडा थोडा. यावर भाविकाचे उत्तर असे असू शकते, आणि ते मला मनापासून ऐकावेसे वाटते, की आमच्या आजी-पणजीने शेंदराच्या त्याच रूपापुढे हात जोडले. आतली मूर्ती आम्हाला परकी आहे, आमची देवी ती शेंदराचीच. प्रेमाचे हे म्हणणे खोडून काढता येत नाही आणि काढूही नये. पण ते म्हणणे जिथे संपते तिथे वाहून नेण्याचे कामही थांबलेले असते. तिथे आठवण आहे, माया आहे, घर आहे. धार मात्र दुसऱ्या कुठल्यातरी दगडावर लावावी लागेल. पाणी या बाबतीत वेगळे वागते. पिंडीवरचा अभिषेक पन्हाळीतून निघून जातो आणि पिंड तशीच्या तशी राहते, थोडी गुळगुळीत, तिच्यावर थर चढत नाही.

म्हणून तिसऱ्या दगडापुरते माझे मत असे. घरातला दगड नवा असेल तर पाणी, त्यात साबणाचा थेंब. आधीच तेल मुरलेला असेल तर स्वयंपाकघरात चालेल असे पातळ, न सुकणारे तेल, आणि मग तेच शेवटपर्यंत. पाते फिरवताना गाळ काळा झाला की पुसायचा, पुन्हा चार थेंब. पात्याच्या दुसऱ्या बाजूला अंगठ्याला बारीक खरखर लागली की ती बाजू झाली, उलटवायचे. सगळे झाल्यावर दगड वाहत्या पाण्याखाली धरायचा, गाळ जाईपर्यंत, आणि उन्हात उभा ठेवायचा. तेलाची वेळ त्यानंतर येते. सुरी कोरडी पुसून, रात्री ठेवताना पात्यावर तेलाचा हात फिरवायचा, कारण शनिवारचे तेल लोखंडाच्या देवाचे आहे आणि गंजापासून लोखंड तेच राखते. सकाळी कोथिंबीर चिरण्याआधी तेही पुसून टाकायचे.